घोड्याला शूळ उठला की आधी तेल का आधी डॉक्टर? (घोडी, कुत्री, मांजरं सगळ्यांसाठी धागा)

पागेवरचा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागाच काढतो, पोस्ट लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या घरात आजोबांपासून घोडी आहेत, वाईच्या बाजूला. वरातीला आणि यात्रेला घोडं देणं हा मूळ धंदा, आता भाऊ आणि मी नोकरी सांभाळून बघतो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवर एका घोडीला रात्री शूळ उठला. पुढच्या पायाने जमीन उकरत होती, वळून वळून कुशीकडे बघत होती, बसायची उठायची, लोळायची, मान आणि छाती घामाने भिजलेली. आम्ही पोचलो तोवर चौघांनी तिचं तोंड दोरीने वर ओढून आढ्याला बांधलं होतं आणि बाटलीतून गोडंतेल, हिंग, ओवा, सोडा असं सगळं घशात ओतणं चालू होतं. म्हटलं डॉक्टर निघालेत, तेवढं थांबा. तर तिथले म्हातारे म्हणाले आमच्या तीन पिढ्या हेच करत आल्यात. तासाभरात शूळ बसला, सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी घोडी चंदीला तोंड लावेना. नाकपुड्या फुगवून भराभर श्वास, अंगात ताप, नाकातून घाण वासाचा शेंबूड. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं की तेल फुफ्फुसात गेलंय. इंजेक्शनं झाली, सलाईन झालं, पण दोन-तीन दिवसांत गेली. गाभण होती.

आणि वस्तीवर आजही काय सांगतात तर "शूळ तेलानेच थांबला होता, न्यूमोनिया झाला ते तिचं नशीब". मला खरा त्रास याचा होतो. घोडी गेली ती गेलीच, पण तिच्या जाण्यातून कोणी काही शिकलं नाही, उलट तेलाचं नाव अजून पक्कं झालं, पुढच्या घोड्यालाही तेच पाजणार.

मी गावठी उपायांच्या विरोधात नाही, घरी आम्हीही पुष्कळ गोष्टी जुन्याच करतो. पण माणूस निदान सांगतो तरी की बरं वाटलं का नाही, जनावर काहीच सांगत नाही, त्याच्या वतीने "फरक पडला" हे आपणच ठरवतो आणि ज्याने औषध दिलं तोच ठरवतो. मग उपाय खरंच लागू पडतो हे कळायचं कसं? घोडेवाले, कुत्रामांजरवाले, डॉक्टर मंडळी, सगळ्यांनी लिहा.

आजीचा_बटवा
दादा, वाचून फार वाईट वाटलं. पण एका चुकीच्या पद्धतीने दिलेल्या औषधावरून सगळ्या परंपरेला नावं ठेवू नयेत असं मनापासून वाटतं. आपल्याकडे शालिहोत्रापासून अश्ववैद्यक आहे, शिवकाळात हजारो घोडी पागेत होती तेव्हा कुठे होती इंजेक्शनं? पागेतल्या लोकांना घोडं बघून कळायचं काय बिनसलंय ते. आणि आज राष्ट्रीय दुग्धविकास मंडळच गायीच्या कासदाहावर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप सांगतंय ना? सरकारी संस्था सांगते म्हणजे काहीतरी तथ्य असणारच. अँटिबायोटिक दिलं की दूध टाकून द्यावं लागतं, लेपाने ती भानगड नाही. माझ्या माहेरी सगळी जनावरं घरच्या औषधांवरच वाढली. निरीक्षण हासुद्धा पुरावाच असतो, पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण म्हणजे तर मोठाच.

गुरांचा_डॉक्टर
धाग्याबद्दल आभार पागेवरचे. मी सरकारी दवाखान्यात आहे, घोडी कमी आणि गाई-म्हशी जास्त बघतो, पण घाटमाथ्यावर असल्याने शुळाचे घोडे नेहमी येतात.

आधी घोड्याच्या शरीराबद्दल, कारण सगळं तिथे अडतं. घोडा ओकू शकत नाही. जठराच्या तोंडाशी झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं वर येत नाही. जठर अंगाच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटर. पुढे आतडं अडलेलं असेल तर वरून ओतलेलं सगळं जठरात साठतं आणि जठर फुटू शकतं, मग कोणी वाचवू शकत नाही. आम्ही नाकातून नळी घालतो ती आधी आतलं बाहेर काढायला, आत किती पाणी आणि गॅस तुंबलाय ते बघून मगच काही द्यायचं का ते ठरतं. नळी अन्ननलिकेतच चाललीय ना हे मानेच्या डाव्या बाजूला ती सरकताना डोळ्यांनी दिसतं, हाताला लागते, तरीही दोनदा खात्री केल्याशिवाय थेंब सोडायचा नाही.

तोंड वर बांधून बाटलीने पाजलं की घोड्याला नीट गिळताच येत नाही. त्यात तेल बुळबुळीत, त्याने ठसकासुद्धा लागत नाही, म्हणून ते श्वासनळीत चाललंय हे बाहेरून कळत नाही. त्या घोडीचं बहुतेक हेच झालं असणार.

आता "तेलाने शूळ थांबला" याबद्दल. बहुतेक शूळ साधे असतात, आतडं आवळल्याने किंवा गॅसने होणारे, ते थोड्या वेळात आपसूक बसतात नाहीतर एका वेदनाशामक इंजेक्शनने बसतात. म्हणजे हिंग दिलं, तेल दिलं, फुंकर मारली, घोडं वस्तीभोवती फिरवलं, काहीही केलं तरी दहातले बरेचसे घोडे बरेच होणार आणि श्रेय ज्याने काही केलं त्याला जाणार. उरलेले पीळ पडलेले, आतडं अडकलेले, वाळू साचलेले. त्यांना तेलाने काहीच होत नाही आणि वाया गेलेले तास परत येत नाहीत. बटवाताई, निरीक्षण पुरावाच आहे हे मला मान्य आहे, पण जे घोडे गेले त्यांची मोजदाद ठेवली तर. पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतात ते वाचलेले, गेलेल्यांच्या नावाने नशीब लिहिलं जातं.

कासदाहाच्या लेपाबद्दल तुमचं बरोबर आहे, मीही सांगतो तो. पण आधी दुधाची तपासणी करून, कास किती सुजलीय, गायीला ताप आहे का ते बघून. काळंनिळं पडलेलं थंड सड लेपावर सोडलं तर गाय जाते.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं ते लिहून ठेवा. चारा, चंदी बंद. घड्याळ लावून नाडी मोजा, जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने बोट ठेवलं की शीर लागते. शांत उभ्या मोठ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४, साठच्या वर गेली आणि खाली येत नसेल तर प्रकरण गंभीर. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी, पांढरीफटक किंवा जांभळट असेल तर फोनवर लगेच सांगा. कुशीला कान लावून आतड्याचा आवाज येतो का ऐका. शेवटची लीद कधी टाकली आणि कशी होती ते आठवा. थोडंसं चालवलं तर चालेल, दमवू नका. आणि तोंडाने काहीही, म्हणजे काहीही पाजू नका.

खान्देशी_सवार
राम राम. मी सारंगखेड्याच्या बाजूचा, दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो तिथे लहानपणापासून जातो. तिथे एक गोष्ट सर्रास दिसते, पायाच्या मागच्या नसेवर डागाच्या रेघा. घोडं लंगडायला लागलं की तापवलेल्या सळईने डाग द्यायचा नाहीतर बिब्बा लावून कातडं उतवायचं. आमचे जाणते लोक सांगतात डागल्याने रक्त धावतं आणि नस आवळते. आणि खरं सांगतो, डागलेली घोडी नंतर नीट चालताना मी डोळ्यांनी बघितलीत. डॉक्टर, हे खोटं कसं म्हणायचं? घोडं तीन-चार लाखांचं असतं, माणूस उगाच जाळत नाही त्याला.

गुरांचा_डॉक्टर
दादा, डोळ्यांनी बघितलेलं खोटं नाही. घोडी नीट चालायला लागतात हे खरंच आहे. प्रश्न एवढाच की कशाने?

विलायतेतल्या ब्रिस्टल विद्यापीठाने नेमकं हेच तपासलं होतं, १९८३ साली प्रसिद्ध झालं. कारण डाग हा आपल्याकडचाच प्रकार नाही, तिकडचे पदवीधर डॉक्टरही शर्यतीच्या घोड्यांना पिढ्यान्‌पिढ्या डागत होते. डागलेल्या आणि न डागलेल्या कंडऱ्यांची (तुम्ही पायाची नस म्हणता ती) तुलना केली तेव्हा डागल्याने कंडरा भरून यायला काही मदत झाल्याचं दिसलं नाही, वेदना मात्र भरपूर. फायदा होत होता तो विश्रांतीचा. पाय जाळला की महिनोन्‌महिने घोड्यावर कोणी बसत नाही, आणि फाटलेली कंडरा भरायला तेवढाच काळ लागतो, नऊ महिने ते वर्ष. तिथल्या पशुवैद्यकांच्या संस्थेने डाग देणं अनैतिक ठरवलं.

पहिले दोन-तीन दिवस थंड पाण्याची धार, पट्टी, सुजेवरचं औषध आणि मग लांबलचक विश्रांती, हळूहळू वाढवत नेलेली चाल. हे सांगितलं की मालक म्हणतो "एवढंच?" डागाला दीडदोन हजार द्यायला तयार असतो, नुसतं उभं ठेवायला नाही. कारण उभ्या घोड्याचं पोट कोण भरणार, हा त्याचा प्रश्न खरा आहे.

मांजरमावशी
ठाण्याहून. घोड्यांमधलं मला काही कळत नाही पण मांजरांचं सांगते कारण आमच्या सोसायटीत हे सारखं घडतं.

बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, बाहेर येऊन मागचा भाग चाटत बसतो. लोकांना वाटतं शी होत नाहीये. मग इसबगोल, एरंडेल, कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या आणतं, कोणी म्हणतं पुनर्नव्याचं सिरप द्या. आणि तो बोका शी नाही, लघवी अडून बसलेला असतो. बोक्याची मूत्रनळी अगदी बारीक, खड्याच्या भुकटीने आणि चिकट बोळ्याने बुजते. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तातलं पोटॅशियम इतकं चढतं की हृदय बंद पडतं. लघवी वाढवणारं औषध अडलेल्या बोक्याला देणं म्हणजे फुगलेल्या मूत्राशयात अजून भर. याला इलाज एकच, भूल देऊन नळी घालणं, आणि तो दवाखान्यातच होतो. वेळेत नेलेले बोके चांगले वाचतात हो. आमच्या खालच्या मजल्यावरचा वाचला कारण त्या काकूंनी पोटाला हात लावल्यावर लिंबाएवढा टणक गोळा लागला आणि त्या तडक रिक्षात बसल्या. वरच्या विंगमधला गेला, त्याला सोमवारपर्यंत "गोळ्यांनी उतरतंय" म्हणत ठेवलं होतं.

दुसरं म्हणजे पॅरासिटामॉल. मांजराला कधीही नाही, पाव गोळीसुद्धा नाही. त्यांच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही. हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड सुजतं, धाप लागते. दिलंच गेलं असेल तर उलटी करवत बसू नका, दवाखाना गाठा आणि लाज न बाळगता सांगा काय आणि किती दिलंय ते. त्याच्यावर उतारा आहे, पण वेळेत.

इथे सगळे गावठी विरुद्ध डॉक्टरी असं बोलतायत, पण आमच्याकडे शहरात जनावरं आजीच्या काढ्याने कमी आणि घरातल्या माणसांच्या औषधाच्या डब्यामुळे जास्त मरतात. आयबुप्रोफेनने कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. ही तर सगळी "इंग्लिश" औषधं आहेत. त्यामुळे औषध कुठल्या पॅथीचं यापेक्षा या प्राण्याला, या आजारात, इतक्या मात्रेत ते कोणी तपासलंय का हे बघावं.

लीड्सकर
मूळचा कोल्हापूरचा, बरीच वर्षं इंग्लंडात. मावशींचा शेवटचा मुद्दा पटला.

इकडे होमिओपॅथीवरून प्राणीप्रेमी मंडळींत खूप मोठं भांडण झालं. इथे जनावरांना होमिओपॅथी फक्त नोंदणीकृत पशुवैद्यच देऊ शकतो, त्यामुळे देणारे सगळे पदवीधर डॉक्टर. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये पशुवैद्यांची नोंदणी करणाऱ्या त्यांच्या रॉयल कॉलेजने अधिकृत भूमिका घेतली, की होमिओपॅथीला मान्य होईल असा पुराव्याचा आधार नाही, तिची तत्त्वं शास्त्राला धरून नाहीत, आणि ज्या उपचारांना आधार आहे ते बाजूला सारून किंवा लांबणीवर टाकून ती देऊ नये. वाक्यातला लांबणीवर टाकण्याचा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. वर मावशींनी सांगितलेला सोमवारपर्यंत ठेवलेला बोका, तो तसाच गेला.

"प्राण्यांवर चालते म्हणजे मनाचा खेळ नाही" हे मी भारतात आणि इथे दोन्हीकडे ऐकलंय. २०१६ साली व्हेटरिनरी रेकॉर्डमध्ये एक आढावा आला, १९८१ ते २०१४ मधल्या पशुधनावरच्या होमिओपॅथीच्या प्रयोगांचा. निम्म्याच्या आसपास प्रयोगांत फायदा दाखवलेला, बाकीच्यांत नाही, आणि एकही प्रयोग त्याच परिस्थितीत पुन्हा करून पडताळलेला नव्हता. तीस सी पोटन्सी म्हणजे शंभरपट पातळ करणं तीस वेळा, बारा वेळांच्या पुढे मूळ द्रव्याचा एक रेणू शिल्लक राहायची शक्यतासुद्धा संपत जाते.

आणि कुत्र्यांच्या पार्वो या विषाणूच्या आजारावर लसीऐवजी "नोसोड", म्हणजे रोगाच्याच द्रव्यापासून बनवलेलं होमिओपॅथीचं औषध, देणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत पिल्लांना नोसोड देऊन मग पार्वोच्या विषाणूसमोर आणलं होतं, काहीही संरक्षण मिळालं नाही. ज्याने पार्वोचं पिल्लू बघितलंय, रक्ताची जुलाबं, तो वास, मान टाकलेली, त्याला लसीबद्दल वाद घालावासा वाटणार नाही.

शांत_संध्याकाळ
मला राग आलेला नाही, फक्त माझा अनुभव मांडते. आमची लॅब्रॅडॉर अकरा वर्षांची आहे, मागच्या पायांना संधिवात. पेनकिलरने तिचं पोट बिघडायचं. एका ओळखीच्यांनी होमिओपॅथी सुरू केली आणि महिन्याभरात ती जिना चढायला लागली. आमच्या घरात सगळ्यांना फरक दिसला, मोलकरणीलासुद्धा. आता यात मनाचा खेळ कसला, कुत्रीला थोडंच माहितीय ती काय खातेय? तुम्ही आकडे सांगता ते ठीक, पण मी रोज तिच्यासोबत आहे.

लीड्सकर
ताई, तुम्ही तिच्यावर किती जीव लावता ते दिसतंय आणि म्हणूनच नीट लिहितो.

अमेरिकेत २०१२ साली एक अभ्यास छापला गेला. संधिवाताने लंगडणारी कुत्री, त्यातल्या एका गटाला नुसतं औषधासारखं दिसणारं काहीतरी. कुत्र्यांना जमिनीत बसवलेल्या वजनकाट्यावरून चालवायचे, म्हणजे दुखऱ्या पायावर कुत्रं खरोखर किती भार टाकतं ते यंत्र सांगणार, आणि त्याच वेळी मालकांना आणि डॉक्टरांना विचारायचं फरक वाटतो का. काट्यावर काहीच सुधारणा नसताना मालकांनी निम्म्याहून जास्त वेळा "फरक आहे" सांगितलं. आणि डॉक्टरांनीही चाळीस ते पंचेचाळीस टक्के वेळा. कुत्र्याला माहीत नसतं हे बरोबर, पण बघणाऱ्याला माहीत असतं ना. शिवाय संधिवात चढउताराचा आजार, आपण औषध बदलतो ते नेहमी सर्वात वाईट आठवड्यात, त्यानंतर थोडं बरं वाटणारच असतं.

तुमच्या लॅबला खरंच बरं असेल तर मलाही आनंद आहे. एवढंच करा, तिचं वजन किती आहे ते बघा, कमी झालं असेल तर जिना चढायचं कारण तेच असू शकतं. आणि एकाच जिन्यावर, एकाच वेळी, महिन्यातून एकदा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि तारखा लपवून घरच्या दुसऱ्या कोणाला तरी दाखवा, कुठला आधीचा कुठला नंतरचा ओळखता येतो का. पोटाला न झेपणाऱ्या पेनकिलरबद्दल डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, दुसरे पर्याय असतात, तिला दुखत ठेवू नका एवढीच विनंती.

आजीचा_बटवा
सगळं वाचतेय. पण मग डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं काय? तेही शास्त्रीयच होतं ना, गुरांना सर्रास टोचलं आणि गिधाडं संपली. आमच्या कोकणात म्हसळ्याकडे पूर्वी आकाशात घिरट्या दिसायच्या. आधुनिक औषधाने जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या काढ्याने केलंय? याचंही उत्तर द्या कोणीतरी.

पागेवरचा
बटवाताई, प्रश्न अगदी योग्य आहे आणि मी यावर बरंच वाचलंय म्हणून मीच उत्तर देतो.

झालं ते भयंकर झालं, त्यात वाद नाही. पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. पण हे डायक्लोफेनॅकने होतंय हे आपल्याला कळलं कसं ते बघा. मेलेली गिधाडं गोळा करून फाडून बघितली, किडनीभोवती पांढरी युरिक ॲसिडची पूड, मग त्यांच्या शरीरात औषध मोजलं, मग ते औषध दिलेल्या जनावराचं मांस खायला घालून तपासलं. २००४ साली ते छापून आलं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम आलं तेही आधी गिधाडांवर तपासून. २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी घातली. बंदीला वेळ लागला, माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचणं नंतरही चालू राहिलं, त्याचा मलाही राग आहे. पण चूक पकडली ती मोजमाप करणाऱ्यांनीच, आणि पकडल्यावर औषध मागे घेतलं गेलं. आमच्या वस्तीवरचं तेल कोण मागे घेणार? तिथे मोजणाराच कोणी नाही. मला तुमच्या बटव्याबद्दल आकस नाही ताई, त्यातल्या प्रत्येक गोष्टीला असंच तपासून घ्यावं एवढंच माझं म्हणणं. मधाचं बघा, घोड्याच्या पायाच्या जखमांवर ऑस्ट्रेलियात रीतसर प्रयोग केले, जखमा लवकर भरायला मदत होते असं निघालं. झाला ना मध शास्त्रीय.

वरातवाला
तुमचं सगळं बरोबर असेल पण एक बाजू राहिली. माझ्याकडे एक घोडी आहे, लग्नाच्या सीझनवर वर्षाचं घर चालतं. रात्री बाराला घोडं लोळायला लागलं तर तालुक्याचा डॉक्टर फोन उचलेल का नाही माहीत नाही. उचलला तरी "मी घोडं बघत नाही" म्हणतो. शहरातून खाजगी डॉक्टर बोलवला तर येण्याजाण्याचेच तीन-चार हजार, वर औषधं. आणि पहाटे वरात असते, मुलीकडचे लोक ॲडव्हान्स परत मागतात. अशा वेळी जो शेजारी हिंग घेऊन धावत येतो तो आम्हाला देवासारखा वाटतो, निदान आला तरी. तेल पाजू नका हे पटलं, नाही पाजणार. पण "डॉक्टरला बोलवा" हे लिहायला सोपं आहे भाऊ.

गुरांचा_डॉक्टर
वरातवाले, तुम्ही लिहिलंत त्यात एक शब्द खोटा नाही. आमच्या शिक्षणात घोडा असतो पण नोकरीत सगळा दिवस गायी-म्हशींत जातो, नाकातून नळी घालायचा हातच बसत नाही, म्हणून बरेच जण घोडं टाळतात. हा आमच्या खात्याचा दोष आहे, घोडेवाल्यांचा नाही.

तरी हाताशी काय आहे ते सांगतो. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर, तो सेव्ह करा. सातारा भागातल्यांनी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईकडच्यांनी परळचं लक्षात ठेवा, परळचं तर १८८६ पासून आहे. शूळ नसताना, घोडं धडधाकट असताना, जवळपास घोडं बघणारा डॉक्टर कोण ते शोधून ठेवा आणि एकदा दाखवून आणा. ओळखीचं घोडं असलं की रात्रीचा फोन उचलला जातो, मी माझंच सांगतो.

आणि पुराव्याचं औषध म्हणजे महागडंच असतं असं मुळीच नाही. घोडं चुकून चंदीच्या पोत्यात तोंड घालून पोटभर धान्य खाऊन बसलं तर खूर आतून सुजून हाड खाली सरकतं, घोडं कायमचं निकामी होतं. यावर सर्वात चांगला आधार कशाला आहे तर बर्फाला. सूज सुरू व्हायच्या आत, खुरांपासून गुडघ्याच्या खालपर्यंत पाय बर्फाच्या पाण्यात, सलग दोन ते तीन दिवस, मधे न थांबता. ऑस्ट्रेलियातल्या संशोधनातून आलंय हे. डॉक्टर हवाच, पण बर्फ तो यायच्या आधी सुरू करता येतो आणि मासळीबाजारातून मिळतो. धनुर्वाताची लस घ्या, तीही स्वस्त. सगळ्या पाळीव जनावरांत घोड्याइतका धनुर्वात कोणाला होत नाही. नालाचा खिळा चुकला, खुरात काच गेली, की हळद-शेण थापतात. शेणात तेच जंतू असतात हो. जखम स्वच्छ मिठाच्या पाण्याने धुवा आणि ताबडतोब इंजेक्शन.

एका बाबतीत मात्र कुठलाही घरगुती उपाय करू नका, अगदी थोडासुद्धा. नाकातून पिवळा चिकट स्राव, नाकात आणि पायांवर फुटणाऱ्या गाठी, ताप. तो ग्लँडर्स असू शकतो. २००६ मध्ये पुणे-पाचगणी भागात निघाला होता, माणसालाही होतो आणि माणसाचा जीव घेतो. त्याच्यावर उपचार करायचाच नसतो, रक्त हिसारच्या अश्व संशोधन केंद्राला जातं आणि पॉझिटिव्ह आलं तर जनावर शांतपणे संपवावं लागतं, कायदाच आहे तसा. मालक घाबरून लपवतात, काढे देत राहतात, आणि त्याच पागेत त्यांची पोरं झोपलेली असतात. भरपाईची तरतूद आहे. लपवू नका, हात जोडून सांगतो.

खान्देशी_सवार
डॉक्टर, डागाचं आमच्या मंडळात वाचून दाखवलं. दोघं चिडले, एक म्हणाला मग यंदा नुसतं उभं ठेवून बघू. घोडीचं नाव कळवतो नंतर.

मांजरमावशी
गोचीड तापाचंही कोणी लिहा ना, इथे कुत्र्यांना पपईच्या पानांचा रस चालू आहे सगळीकडे.

गुरांचा_डॉक्टर
थोडक्यात, गोचीड तापाचा एर्लिकिया हा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशीत राहतो, पपईच्या रसाने मरत नाही. डॉक्सिसायक्लिन लागतं, साधारण चार आठवडे, मधेच कुत्रं खायला लागलं म्हणून बंद करायचं नाही. रस द्यायचाच असेल तर औषधासोबत द्या, औषधाऐवजी नको, आणि उलट्या होत असतील तर तोही नको. गोचीड घरातून आणि अंगणातून काढले नाहीत तर परत होणार.

पागेवरचा
डॉक्टर, जंताच्या औषधाचं विचारायचं राहिलं. आमच्याकडे दर दोन महिन्यांनी पेस्ट द्यायची पद्धत आहे, डॉक्टरांनीच वडिलांना सांगितलेली. आता काही जण म्हणतात एवढं देऊ नका. हे गावठी नाही, डॉक्टरीच आहे, मग खरं काय?

गुरांचा_डॉक्टर
दोन महिन्यांचा नियम १९६६ साली अमेरिकेत केंटकीच्या संशोधकांनी सांगितला, तेव्हा तो बरोबर होता कारण रक्तवाहिन्यांत शिरणाऱ्या मोठ्या जंताने घोडे मरायचे. तो जंत आटोक्यात आला, पण सारखं औषध देऊन लहान जंत औषधाला दाद देईनासे झाले. आता सल्ला बदललाय. आधी लिदीतली अंडी मोजायची, मग ठरवायचं. कळपातली साधारण वीस टक्के घोडीच ऐंशी टक्के अंडी टाकतात, त्यांनाच जास्त औषध लागतं. ग्रॅमला दोनशेच्या आत असेल तर त्या घोडीला वर्षातून एक-दोनदा पुरतं. शिंगरांचं गणित वेगळं, त्यांचं तुम्हाला प्रत्यक्ष सांगतो.

सकाळी टाकलेली ताजी लीद, वरवरची नाही तर मधली, लिंबाएवढी, पिशवीत हवा काढून गाठ मारा, वर घोडीचं नाव आणि तारीख. बर्फाच्या डब्यात आणा नाहीतर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, वरच्या फ्रीजरमध्ये नको, अंडी फुटतात. बारा तासांच्या आत दवाखान्यात पोचली पाहिजे. औषध दिल्यावर चौदा दिवसांनी परत एकदा आणा, म्हणजे औषध चाललं का ते कळेल.

वरातवाला
माझ्या घोडीची पण आणली तर चालेल का? वाईहून जाताना पागेवरचे घेऊन जातील का?

पागेवरचा
आणा की. उद्या सकाळी आठच्या आत वस्तीवर पोचवा, दोन्ही पिशव्या सोबतच नेतो.